मालकाचं उत्तर: प्रोग्रॅम उडवलेले नाहीत, थांबवलेले आहेत

नमस्कार काका,

दोन तारे दिलेत, तो तुमचा हक्क. पण तुम्ही लिहिलंय, की लॅपटॉप उशिरा सुरू होतो म्हणून दुरुस्तीला दिला, तर आम्ही चार-पाच प्रोग्रॅम उडवून पैसे घेतले, व्हॉट्सॲप आपोआप उघडेनासं झालं, महिन्याभरात पुन्हा तीच गत, आणि वर हार्ड डिस्क बदला म्हणून मागे लागलो. जेल रोडवरच्या आमच्या दुकानात हीच तक्रार घेऊन बरेच जण येतात, म्हणून इथेच उत्तर देतो.

उडवलेलं काहीच नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात स्टार्टअप, म्हणजे मशीनबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी, बघा. 'डिसेबल्ड' लिहिलेलं सगळं मशीनमध्ये जागच्या जागी आहे, फक्त स्वतःहून उठत नाही. व्हॉट्सॲप सकाळी आपोआप हवंच असेल तर त्यावर राइट क्लिक करून 'एनेबल' करा.

त्याच यादीत 'हाय इम्पॅक्ट' दिसतं, ते बघून लोक घाबरतात. विंडोजच्या हिशेबात सुरू होताना प्रोसेसरचा १ सेकंदाहून जास्त वेळ किंवा डिस्कचं ३ एमबीहून जास्त काम घेतलं की 'हाय'. ३ एमबी म्हणजे मोबाइलवरचा एखादा फोटो! म्हणून 'हाय' दिसलं की बंद, असं आम्ही करत नाही. तुमचा अँटिव्हायरस, मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम आणि डिजिटल सहीच्या टोकनचा (सही करताना लावायच्या त्या पेनड्राइव्हसारख्या किल्लीचा) प्रोग्रॅम मुद्दाम चालू ठेवलाय. टोकनवाला बंद केला असता तर रिटर्न भरायच्या दिवशी सही अडू शकली असती, आणि मग एकच तारा मिळाला असता. थांबवलं ते व्हॉट्सॲप, फाइली डाउनलोड करणारं टोरंट, नातवाचा गेम लाँचर, मीटिंगचं ॲप आणि प्रिंटरचा तो शाई विकणारा प्रोग्रॅम. (त्यावाचून प्रिंट येते, काळजी नको.) पैसे या निवडीचे होते.

पुन्हा स्लो का झालं? काही प्रोग्रॅम अपडेट होताना स्वतःचं नाव परत यादीत घालतात. काही तर या यादीत दिसतच नाहीत, सर्व्हिस (पडद्यामागे चालणारं काम) किंवा शेड्यूल्ड टास्क (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) म्हणून आत बसतात. ते दाखवणारं मायक्रोसॉफ्टचंच ऑटोरन्स नावाचं फुकट साधन आहे, पण त्यात विंडोजच्या स्वतःच्या नोंदीही असतात, तेव्हा घरी हात लावू नका.

राहिली हार्ड डिस्क. तुमची मिनिटाला ५,४०० फेऱ्यांची जुनी फिरती डिस्क आहे. विंडोज उठताना प्रत्येक प्रोग्रॅम आपापली फाइल मागतो आणि एका वेळी वाचणारं हेड एकच. सराफ्यातल्या खाऊगल्लीत जिलबी काढणारा एक आणि पुढे आलेले हात वीस, तसं होतं. स्टार्टअप हलका केला की हात कमी होतात, काढणारा काही वेगवान होत नाही. एसएसडीत, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काहीच नसतं. मागे लागलो नव्हतो, बिलावरच लिहून दिलंय: आधी एवढं करून बघा, फरक कमी वाटला तर एसएसडी.

यादी पुन्हा भरली असेल तर घेऊन या, तुमच्यासमोर बसून साफ करू, त्याचे पैसे नाहीत. टोकन आणि चार्जर सोबत आणा, रविवारी दुकान बंद असतं.