फोडणीच्या धुराने स्प्रिंकलर सुटत नाही हो!

बाणेरच्या मावशीचा काल रात्री घाबरून फोन. भिशीच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: 'सावधान! एका घरात फोडणीचा धूर झाला तरी अख्ख्या बिल्डिंगचे स्प्रिंकलर सुटतात. लाखोंचं फर्निचर जातं, पाण्यातून शॉक बसतो. दिवाळीपुरता मेन व्हॉल्व्ह बंद ठेवा.' आणि तिच्या सोसायटीने तो खरंच बंद केलाय! चौदा मजले, खाली फटाके.

धुराने वाजतो तो भोंगा. त्याची छतावरची डबी वेगळी. स्प्रिंकलरच्या तोंडाशी काचेची बारीक कुपी असते, आत द्रव. तो तापून फुगला की काच फुटते, बूच निसटतं, पाणी सुटतं. द्रव लाल असेल तर हे ६८ अंशांना होतं. छताजवळची हवा इतकी तापायला लसणाची फोडणी पुरत नाही, आगच लागते. आणि ज्याची कुपी फुटली तोच सुटतो. सगळे एकदम सुटतात ते सिनेमात.

आता तो व्हॉल्व्ह. अमेरिकेत अग्निसुरक्षेची मानकं ठरवणारी एनएफपीए ही संस्था आगींचा हिशेब ठेवते. स्प्रिंकलर चालले अशा दर चार आगींपैकी तीनांत एकच स्प्रिंकलर सुटला होता. आणि जिथे ते चाललेच नाहीत, तिथे निम्म्याहून जास्त वेळा कारण काय? यंत्रणा कुणीतरी बंद करून ठेवलेली! व्हॉल्व्ह बंद असला तरी वर कुपी फुटतेच. पाइपात उरलेलं पाणी गळतं, संपतं, पुढे काही येत नाही. महाराष्ट्राच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते फायलीला लावायचं आणि व्हॉल्व्ह पिळून ठेवायचा, धन्य आहे.

शॉक? पेटलेल्या खोलीत भिजत उभं कोण राहणार आहे?

फर्निचरचं अर्धं खरं, मान्य. पाइपात साचलेलं पाणी काळं आणि वास मारणारं असतं, सोफा जातो. पण अग्निशमन दलाचा होज त्याच्या कितीतरी पट पाणी ओततो, तेही आग पसरल्यावर. आग नसताना सुटलाच, तर बहुधा रंगाऱ्याची शिडी धडकलेली असते किंवा कुणी त्याला काहीतरी टांगलेलं असतं.

मावशी, हॉलचा फोटो पाठवलास त्यात लायटिंगची माळ स्प्रिंकलरलाच बांधलेली दिसतेय. ती आधी सोड.