मायनस एकची बाई

सगळी भानगड विमानतळावरच्या इडलीने सुरू झाली.

मागच्या दिवाळीत आम्ही सासरची सगळी मंडळी केरळला निघालो होतो. पहाटेची फ्लाइट, डोंबिवलीहून रात्री दोनला निघालेलो, पोटात कावळे कोकलतायत आणि मी आणि हे एका कॉफीला २८० रुपये द्यायचे का नाही यावर गंभीर चर्चा करतोय, तेवढ्यात माझी धाकटी जाऊ म्हणाली, "ताई, तुम्ही बसा हं, आम्ही जरा लाउंजमध्ये जाऊन येतो." पाऊण तासाने आली ती इडली, उपमा, कलिंगडाच्या फोडी आणि दोन कप चहा रिचवून, आणि पैसे किती लागले तर म्हणे २ रुपये. दोन! आमच्या स्टेशनबाहेर दोन रुपयांत लिंबाची फोडसुद्धा मिळत नाही. वर मला विचारते, "क्रेडिट कार्डावर असतं ना ते, तुमच्याकडे नाहीये?"

तो "नाहीये?" माझ्या कानात हाउसबोटीतसुद्धा वाजत होता.

आता मी २५ वर्षं अकाउंट्समध्ये आहे. लोकांचे ताळेबंद जुळवून देते, पण स्वतः कार्ड कधी घेतलं नाही कारण आमचे बाबा म्हणायचे उधारी म्हणजे घुशीसारखी, एकदा घरात शिरली की पाया पोखरल्याशिवाय जात नाही. आणि गरजही काय होती, रोज दुपारी डोळा लागला की फोन यायचाच, "मॅम, आपके लिए प्री-अप्रूव्ड कार्ड है, लाइफटाइम फ्री". त्या मुलींना मी इतकी वर्षं "मीटिंगमध्ये आहे" सांगून कटवलंय. (फ्री कुणाच्या लाइफटाइमपर्यंत, माझ्या का बँकेच्या, हे विचारायचं राहूनच गेलं.) तर केरळहून आल्यावर मी फोनची वाट बघत बसले आणि नेमके फोन बंद. शेवटी आपणहून ऑनलाइन अर्ज केला. भरायला ४० मिनिटं लागली, नकार यायला ४. कारण काय, तर "अंतर्गत धोरण". मी चिडून त्याच आठवड्यात आणखी तीन बँकांत अर्ज टाकले. तिन्हीकडून तेच धोरण.

भाच्याला फोन केला, तो पुण्यात आयटीत आहे आणि त्याच्या पाकिटात नोटा नाहीत पण कार्डं सात आहेत. म्हणाला, "मावशी, सिबिल बघितलास का?" म्हटलं मला कशाला बघायचंय, मी कुणाचं काही बुडवलंय का. म्हणाला तोच तर प्रॉब्लेम आहे, बुडवायला आधी घ्यावं लागतं. सिबिल म्हणजे कुणी किती कर्ज घेतलं, कसं फेडलं याची नोंद ठेवून त्यावर मार्क देणारी कंपनी, आणि त्या मार्कांना म्हणायचं स्कोअर. मग त्याने माझा रिपोर्ट काढून दिला, वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो म्हणे, देशात अशा चार कंपन्या आहेत आणि चारही जणींनी तो फुकट द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. स्कोअर असतो ३०० ते ९००. साडेसातशेच्या वर असला की बँका दारात रांगोळी काढतात.

माझा होता मायनस एक.

अहो, शून्य तरी! मायनस एकचा अर्थ म्हणे या बाईचा काही इतिहासच नाही. आणि मी जे रागाच्या भरात चार अर्ज ठोकले त्याने आणखी घाण झाली, कारण प्रत्येक अर्जाला बँक तुमचा रिपोर्ट मागवते आणि त्याची नोंद रिपोर्टात राहते. स्थळ चार ठिकाणी फिरून आलं की पाचवा विचारतोच ना, काय भानगड आहे?

मला खरंच वाईट वाटलं. १८ वर्षं वाण्याची वही दर एक तारखेला चुकती केलीय. आमच्या बिल्डिंगच्या १२ बायकांची भिशी मी चालवते, कोविडमध्येसुद्धा एकीचा हप्ता चुकू दिला नाही आणि स्वतःचा नंबर कायम शेवटी लावते. लाइटबिल आल्याच्या दिवशी भरते. पण यातलं एक अक्षर रिपोर्टात नाही. फ्लॅटचं कर्ज ह्यांना ऑफिसातून मिळालं, ह्यांच्या एकट्याच्या नावावर, त्यांचा पगार हप्त्यात जायचा आणि घर माझ्या पगारावर चालायचं, त्यामुळे ह्यांची पत झाली आणि माझी झाली आमटी. जन्मभर अंथरूण पाहून पाय पसरले, आता बँक म्हणते बाई तुम्हाला पाय आहेत याचा पुरावा काय?

उपाय निघाला एफडीवरचं कार्ड. २५,००० ची एफडी ठेवायची, ती तारण, त्यावर ९० टक्के म्हणजे २२,५०० ची लिमिट. हे मी रात्री जेवताना ह्यांना समजावत होते.

"म्हणजे पैसे आपले?"

"हो."

"ते बँकेकडे ठेवायचे, त्याच्या जोरावर बँक आपल्याला उधार देणार, ते आपण वेळेवर फेडायचं, मग बँक म्हणणार बाई विश्वासू आहे."

"हो."

"मग यात बँकेने काय केलं?"

मी त्यांना आणखी एक पोळी वाढली.

मग आलं व्हिडिओ केवायसी. समोर एक गोड मुलगी, म्हणाली मॅम पॅन कार्ड हातात धरा, चेहऱ्याजवळ आणा, थोडं तिरकं करा, आता कोऱ्या कागदावर सही करून दाखवा. कोरा कागद! अख्ख्या घरात सापडला नाही, शेवटी लग्नपत्रिकेच्या पाठीवर सही केली. लाइट कमी आहे म्हणाली म्हणून लॅपटॉप घेऊन किचनमध्ये गेले तर कुकरच्या तीन शिट्या, आणि तेवढ्यात हे मागून टॉवेलवर "अगं, साबण संपलाय". मुलगी म्हणाली, "मॅम, फ्रेममध्ये दुसरी व्यक्ती चालणार नाही." म्हटलं मलाही चालत नाही गं, पण आता काय करता. कॉल कट, सगळं पहिल्यापासून.

कार्ड आलं. भाच्याने बजावलं लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आतच वापर, पूर्ण बिल भर आणि "किमान रक्कम" या रकान्याकडे ढुंकूनही बघू नकोस. मी बघितलं, सवयच आहे. उरलेल्यावर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२! बाबांची घूस बरी होती. तर ३० टक्के म्हणजे ६,७५०, आमचा किराणा होतो साडेआठ हजारांचा, त्यामुळे बावीस-तेवीस तारखेपर्यंत कार्ड आणि पुढची तूरडाळ रोखीने. वाण्याच्या शेठला कार्ड दाखवलं तर म्हणे दोन टक्के जास्त पडतील वहिनी, पण ते रुपे कार्ड निघालं आणि भाच्याने यूपीआयला जोडून दिलं, मग शेठच्याच क्यूआरवर स्कॅन. शेठचा चेहरा पडला. "वहिनी, वही बंद केली? काय चुकलं आमचं?" मला अगदी दुसरीकडून शिवणाचा ब्लाउज आणल्यावर शिंपिणबाईसमोर वाटतं तसं झालं.

सात महिन्यांनी स्कोअर ७४६. बारावीलाही एवढी खुश झाले नव्हते, बिल्डिंगमध्ये पेढे वाटायचे तेवढे राहिले. आणि पाठोपाठ रिवॉर्डवालं कार्ड मंजूर, तेही एफडीशिवाय!

मग मी अकाउंटंटने जे करू नये ते केलं, वही घेऊन बसले. १०० रुपये खर्चाला १ पॉइंट. एक पॉइंट म्हणजे २५ पैसे. म्हणजे ४०,००० खर्च केले की ४०० पॉइंट, किंमत १०० रुपये. पॉइंट वटवायची फी ९९, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ११६ रुपये ८२ पैसे. तीनदा मोजलं. दर वेळी मीच बँकेला १६ रुपये ८२ पैसे देणं लागत होते. आणि लाउंज? ते मागच्या तिमाहीत ५०,००० खर्च केले असतील तरच. इडली पुन्हा लांबली.

परवा शेठकडे साबुदाणा आणायला गेले तर त्याने मला बाजूला घेतलं. "वहिनी, दुकानाला मोठा फ्रीज घ्यायचाय, बँकवाला म्हणतो स्कोअर नाही. तुम्हाला त्यातलं कळतं ना, जरा बघा की." गल्ल्याशेजारीच त्याच्या मोबाइलवर रिपोर्ट काढला. अख्ख्या गल्लीत कोण कधी देतं, कोण टाळतं, कोण वारल्यावर मुलाने किती फेडले, हे सगळं ज्याच्या वहीत आहे तो माणूस, मायनस एक.

"म्हणजे काय हो?" तो घाबरलाच.

म्हटलं घाबरू नका शेठ, सांगते सगळं, २५,००० ची एफडी करा आणि एक कोरा कागद आत्तापासून जपून ठेवा. आणि तोपर्यंत साबुदाणा एक किलो, शेंगदाणे अर्धा, माझ्या पानावर लिहा.