फळीवरची बाटली आणि मोझेलचं अंगण

जानेवारी २०२२मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटांत वाइन विकू द्यायचं ठरवलं आणि गदारोळ उठला. सरकार म्हणालं, शेतकऱ्याचं भलं होईल; विरोधक म्हणाले, महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र होईल; अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. निर्णय बासनात गेला, वाद मात्र आम्हा परदेशी मराठी मंडळींच्या जेवणांत अजून तोंडी लावायला असतो. मी जर्मनीत कोब्लेन्झला राहते, मोझेल नदी ऱ्हाईनला मिळते तिथे. त्यामुळे ‘तुमच्याकडे दुधापावाशेजारी वाइन मिळते, काय बिघडलं?’ हा प्रश्न माझ्याकडेच येतो.

मिळते ना. पण सुपरमार्केटच्या त्या फळीने इथल्या शेतकऱ्याला तारलेलं नाही. मोझेलकाठच्या ब्रेम गावची कालमोंट टेकडी बघा: उतार ६५ अंशांपर्यंत, ट्रॅक्टर चढायची सोयच नाही. शाळेच्या पाटीचा असतो तो दगड दिवसभर तापतो, रात्री वेलींना ऊब देतो, आणि त्यावर रीसलिंग ही वाइनची द्राक्षं पिकतात. सगळी मेहनत हातापायांची. सुपरमार्केटातल्या स्वस्त बाटलीच्या भावात ती कशी निघणार? म्हणून असे कित्येक उतार आता काटेरी झुडपांनी भरलेत.

तग धरतात ते बहुतेक स्वतः पिकवून, मुरवून, स्वतःच विकणारे. कायदा त्यांना वर्षातले चार महिने, चाळीस जणांपुरती जागा मांडून, वेगळ्या परवान्याशिवाय आपली वाइन घरी पाजू देतो. फाटकावर डहाळ्यांची जुडी टांगलेली दिसली की आत शिरायचं. मालकीणबाई स्वतः पेला भरतात, सोबत पाव-चीज, आणि पैसे त्यांच्याच एप्रनच्या खिशात.

निफाड-दिंडोरीचा वाइन-द्राक्षवाला बहुधा वाइनरीशी करार करून माल देतो. २००८च्या मंदीनंतर खरेदी आटली तेव्हा अनेकांनी त्या बागा मुळासकट उपटल्या. सुपरमार्केटात खप वाढला असता, तरी किलोचा भाव ठरवणार कोण? तो प्रश्न त्या भाषणांत मला तरी दिसला नाही.

विरोधकांची काळजी मी उडवून लावणार नाही. इथे सोळाव्या वर्षी वाइन विकत घेता येते. घरात वाढतं मूल असल्याने मला ते मुळीच रुचत नाही. पण गावातलं देशीचं दुकान ‘आडव्या बाटली’च्या मतदानाने बंद करायला निघालेल्या बायकांना निम्म्याहून जास्त मतं जमवताना घाम फुटतो, तेव्हा हा आवाज कुठे असतो?

शेतकऱ्याचंच भलं करायचं होतं, तर ग्रामसभेच्या संमतीने दिंडोरीच्या बागायतदाराला आधी त्याच्या अंगणात चार बाकं टाकू द्यायची होती.