याद्यांवर सही करण्यापूर्वी

ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला तह करायला शिकवणे हा आगाऊपणाच आहे, कारण 1782 चा तह ज्या सालबाईत झाला ते गाव इथून फार लांब नाही आणि तो जुळवून आणणारे महादजी शिंदे तर आपल्या घरचेच. तरीही, आपल्या वाड्यात मुलाचे लग्न ठरत असेल आणि याद्यांची बैठक तोंडावर आली असेल, तर दिलेला शब्द न पाळताही शब्दाचे पक्के म्हणून कसे मिरवावे, ही विद्या आपण भारत सरकारकडूनच घ्यावी.

बैठकीत व्याही जे मागतील ते खुशाल मान्य करा. सून नोकरी सोडणार नाही, पगार तिच्याच खात्यात राहील, सणाला माहेरी जाईल, सगळे लिहून द्या. लग्नानंतर तिने तो कागद दाखवलाच, तर तिला शांतपणे समजवा की याद्या हा दोन घराण्यांमधला करार आहे आणि घरातल्या घरात तो लागू व्हायचा तर सासूबाईंनी तसा नियम करावा लागतो. ही लबाडी नसून राज्यघटना आहे. तह सरकार करते, पण नागरिकाच्या हक्कांना हात लावणारा तह देशात अमलात आणायचा तर संसदेला कायदा करावा लागतो आणि त्यासाठीच अनुच्छेद 253 आहे. केवळ करार पाळण्याची ऐपत नाही म्हणून कोणालाही तुरुंगात टाकू नये, असे सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारनाम्यात भारत 1979 मध्ये सामील झाला. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की तेवढ्याने तो इथला कायदा होत नाही. (त्याच निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी घरच्या कायद्याचाच अर्थ असा लावला की निव्वळ गरिबीपायी कर्जदाराला कैद होऊ नये. असे सासरे निघाले, तर मात्र आपला इलाज नाही.) अनुच्छेद 51 आंतरराष्ट्रीय कायद्याबद्दल आदर जोपासायला सांगतो, पण तो मार्गदर्शक तत्त्वांत असल्यामुळे त्याच्या बळावर न्यायालयातून अंमलबजावणी करून घेता येत नाही. आदराचे काय, विहीणबाईंना आपण वाकून नमस्कार करतोच.

याहून सुरक्षित मार्ग म्हणजे साखरपुडा करून थांबणे. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने 1997 मध्ये सही केली, पण अनुसमर्थनाचा, म्हणजे करार बंधनकारक म्हणून स्वीकारण्याचा, मुहूर्त अजून निघालेला नाही. 2010 मध्ये लोकसभेने त्यासाठी एक विधेयक मंजूरही केले. ते राज्यसभेच्या प्रवर समितीकडे गेले आणि पुढे बारगळले. मुलगी बघून झाली, पेढेही वाटले, वरात तेवढी राहिली.

याद्या सरसकट माळ्यावर टाकू नयेत, हेही सांगितले पाहिजे. 1972 च्या स्टॉकहोमच्या आंतरराष्ट्रीय पर्यावरण परिषदेचा हवाला देऊन संसदेने 1981 मध्ये वायुप्रदूषणाचा आणि 1986 मध्ये पर्यावरण संरक्षणाचा कायदा केला, आणि तह अमलात आणायचा म्हटले की राज्यांच्या सूचीतल्या विषयांवरही केंद्राला कायदा करता येतो. तेव्हा धाकट्या भावाच्या खोलीत ढवळाढवळ करायची असेल त्या दिवशी याद्या काढाव्यात आणि व्याह्यांना दिलेल्या शब्दाची त्याला गंभीरपणे आठवण करून द्यावी.

घरातलेच कोणी न्यायालयात गेले तर काय करावे, याचा धडा आपल्याच गावातून गेला आहे. संस्थानिकांशी झालेल्या करारांचे वाद न्यायालयांनी ऐकू नयेत, अशी सोय अनुच्छेद 363 मध्ये होती. तरीही 1970 च्या डिसेंबरात ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांच्या अर्जावर संस्थानिकांची मान्यता काढून घेणारा आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. सरकार खचले नाही. 1971 मध्ये घटनेतच 26 वी दुरुस्ती झाली आणि तनखे संपले. तनख्यांसाठी रडण्याचे आपल्याला कारण नाही, पण कागद आड आला तर कागदच बदलावा, ही युक्ती टिपून ठेवण्यासारखी आहे.

धोका आहे तो गप्प बसण्यात. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध देशात कायदाच नव्हता, तेव्हा 1997 च्या विशाखा निकालात न्यायालयाने स्त्रियांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार मूलभूत हक्कांशी जोडून वाचला आणि संसदेचा कायदा येईपर्यंत पाळायचे नियम घालून दिले. तो कायदा 2013 मध्ये आला. घरचा नियम याद्यांच्या उघड विरुद्ध असेल तर घरचाच चालतो. नियमच नसेल, तर त्या रिकाम्या जागेत कोणीतरी याद्या वाचू लागते. म्हणून बैठक आटोपून पाहुणे जिना उतरत असतानाच सासूबाईंनी नोकरीविषयीचा एखादा छोटासा नियम करून टाकावा, आणि होणारी सून वकिली तर करत नाही ना, हे त्याआधी पाहून घ्यावे.