बार्बाडोसची पवनचक्की आणि ‘निर्मळ साखरे’ची थाप

‘बार्बाडोस बेटावरची मॉर्गन लुईस पवनचक्की! जगातली एकमेव. ३०० वर्षं अखंड ऊस गाळतेय. ना इंधन, ना धूर, ना मजुरांचे हाल. मालक-कामगार एका कुटुंबासारखे. हीच खरी निर्मळ साखर!’ हा फॉरवर्ड आमच्या मामांनीही ‘जरूर वाचा’ म्हणून ग्रुपवर टाकला. उभा जन्म गुऱ्हाळात काढलेल्या माणसाने!

अखंड वगैरे काही नाही. चक्की १९४७ मध्ये बंद पडली, १९६२ मध्ये बार्बाडोस नॅशनल ट्रस्टकडे गेली. दुरुस्तीनंतर १९९९ मध्ये तिने पुन्हा ऊस गाळला, तोही पर्यटकांपुरता.

इंधन लागत नाही, हे चरकापुरतं खरं. अटलांटिकवरचे व्यापारी वारे तिथे भरवशाचे. वारा फिरला की चक्कीच्या फिरत्या टोपीपासून जमिनीपर्यंत आलेला लांब दांडा रेटून पात्यांसकट अख्खं डोकं वाऱ्याकडे वळवायचं. अक्कल होती, मान्य. पण रसाची साखर काय वाऱ्याने होते? काहिलीखाली जाळ लागतो, हे मी मामांना सांगायचं? उसाच्या शेतांपायी आणि चुलवाणांपायी बेटावरचं बहुतेक जंगल काही दशकांत साफ झालं. मग चिपाडं जाळू लागले.

आता ते ‘कुटुंब’. ही चक्की अठराव्या शतकातली, म्हणजे पहिली शंभरेक वर्षं तिथे राबले ते आफ्रिकेतून आणलेले गुलाम आणि त्यांची मुलंबाळं. हंगामात चरक रात्रंदिवस चालायचा. ऊस हाताने लाटांत, म्हणजे चरकाच्या फिरत्या रुळांत, सारायचा. झोपेची डुलकी लागली की बोटं आत. एडवर्ड लिटलटन हा बार्बाडोसचाच मळेवाला. १६८९ मध्ये त्याने लिहिलंय की चरकात बोट सापडलं तर सगळं शरीर ओढलं जाऊन चिरडतं, आणि उकळती साखर अंगाला डिंकासारखी चिकटते, मग हातपाय किंवा जीव वाचणं कठीण. हे तो कळवळ्याने लिहीत नाही, बरं का! साखरेवरच्या कराविरुद्ध रडगाणं गाताना मालकाचं नुकसान म्हणून मोजतो. कॅरिबियनमध्ये चरकाजवळ कुऱ्हाड ठेवायचे, अडकलेला हात तोडायला. गुलामी कायद्याने गेली १८३४ मध्ये. भरपाई मिळाली मालकांना. कसलं कुटुंब?

‘एकमेव’ हेही चूक, कॅरिबियनमधल्याच अँटिग्वा बेटावर बेटीज होप या मळ्याची चक्की आहे. आणि फॉरवर्डसोबतचा फोटो? मागे ट्यूलिपचे ताटवे आहेत. तो हॉलंडचा आहे हो, मामा.