काळा घोड्याचं वॉटसन हॉटेल: ना आयफेलचं, ना पोलादाचं

मुंबईतल्या काळा घोड्याच्या एस्प्लनेड मॅन्शनच्या, म्हणजे जुन्या वॉटसन हॉटेलच्या, फोटोखाली एक मजकूर सतत फिरत असतो. त्याचा सारांश असा: ‘१८६३ साली बांधलेली ही जगातली पहिली लोखंडी इमारत. आराखडा आयफेल टॉवरवाल्याचा. अख्खी पोलादाची. जमशेटजी टाटांना इथे प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताज बांधलं आणि वॉटसन बंद पाडलं. आता लोखंड गंजलंय, पाडण्यावाचून इलाज नाही.’ वाक्यं थोडी आहेत, चुका भरपूर.

आधी साल. बार्टल फ्रियर मुंबईचा गव्हर्नर झाला १८६२ मध्ये. किल्ल्याची तटबंदी पडून एस्प्लनेडच्या मोकळ्या जमिनीचे प्लॉट विकले गेले ते त्यानंतर. म्हणजे १८६३ मध्ये या जागी पाच मजली इमारत तयार असणं शक्यच नाही. प्रत्यक्ष उभारणी १८६७ ते १८६९ मधली आणि हॉटेल सुरू झालं १८७१ मध्ये. जॉन वॉटसन मुळात कापडाचा व्यापारी. जागा घेताना त्याच्या डोक्यात दुकान आणि ऑफिस होतं, हॉटेलचा बेत नंतर ठरला.

‘जगातली पहिली’ हेही टिकत नाही. इंग्लंडमध्ये शीअरनेसच्या गोदीतलं बोट स्टोअर १८५८ ते १८६० या काळात बांधलं गेलं. तेही बहुमजली, तेही लोखंडी सांगाड्याचं, आणि ते आजही उभं आहे. त्याहून मागे जायचं तर श्रुजबरीजवळच्या डिदरिंग्टनच्या गिरणीत १७९७ मध्येच आतले खांब आणि तुळया लोखंडाच्या होत्या, फक्त बाहेरच्या भिंती भार घेणाऱ्या होत्या. वॉटसनचं महत्त्व वेगळ्या गोष्टीत आहे. इथे सांगाडा भिंतीत दडवलेला नाही. दर्शनी बाजूला खांब, तुळया, ब्रॅकेट उघडे दिसतात आणि मधली वीट नुसती भरणीची. भारतात एवढ्या जुन्या काळातलं असं दुसरं बहुमजली उदाहरण दाखवणं अवघड आहे.

आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्रज इंजिनिअरचा. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनच्या प्रचंड छपरावर त्याने काम केलं. चेल्सीचा अल्बर्ट पूल आणि सिंगापूरचा कॅव्हना पूल हेही त्याचेच. आयफेलचा इथे काही संबंध नाही. दिसलं जुनं लोखंड की चिकटव आयफेलचं नाव, ही सवय आता सुटायला हवी. शिवाय ज्या टॉवरची आठवण काढून ‘पोलादी’ म्हटलं जातं, तो १८८९ चा टॉवरसुद्धा पोलादाचा नाही, घडीव लोखंडाचा (रॉट आयर्न) आहे. सुटे भाग इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने आले, एवढं मात्र खरं आहे.

ताजच्या गोष्टीचं थोडक्यात. वॉटसनमध्ये गोऱ्यांचाच वावर होता हे खरं, पण जमशेटजींना दारातून परत पाठवल्याची त्या काळातली नोंद कोणी पुढे आणलेली नाही. ताज उघडलं १६ डिसेंबर १९०३ ला, वॉटसननंतर बत्तीस वर्षांनी, आणि त्यानंतरही वॉटसन चालू होतं. ताजचे मूळ वास्तुविशारद रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा. सूडाची कथा रंगवताना ही दोन नावं मात्र हमखास गळतात.

खरं नुकसान करतो तो ‘पोलाद’ हा शब्द, कारण त्यावरून दुरुस्ती ठरते. खांब बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे आहेत. बिडात कार्बन २ ते ४ टक्के. बांधकामाच्या पोलादात जेमतेम पाव टक्का. बीड दाबाखाली जेवढं पेलतं, त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतकंच ताणाखाली पेलतं, आणि तुटताना वाकून इशारा देत नाही. धातू ओळखणं सोपं आहे. कोपऱ्यात छोटं भोक पाडा: पोलादाची वळलेली साल निघते, बिडाचा काळसर भुगा. साच्याच्या दोन भागांचा सांधाही अंगावर उभ्या रेषेसारखा दिसतो.

पोकळ खांबाची जाडी एकाच जागी मोजू नये. खांब आडवा ओतताना पोकळीसाठी साच्यात ठेवलेला गाभा सरकायचा, त्यामुळे २५ मिमी अपेक्षित असताना एका बाजूला १५ आणि समोर ३५ असंही निघतं. एकाच उंचीवर, १२० अंशांच्या अंतराने तीन ठिकाणी मोजा. अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरींनी जाडी मोजणारं) मापक पोलादासाठी जुळवलेलं असेल तर आकडा फसवतो: पोलादात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर, करड्या बिडात तो ४,५०० च्या आसपास. म्हणजे जाडी जवळपास तीस टक्के जास्त दिसते, आणि चूक नेमकी धोक्याच्या बाजूला होते. म्हणून एका ठिकाणी आरपार भोक पाडून प्रत्यक्ष जाडी घ्यायची आणि त्यावर मापक जुळवायचं.

तडा दिसला की वेल्डरला बोलावतात. बिडावर नेहमीच्या रॉडने वेल्डिंग केलं की लगतचा पट्टा काचेइतका ठिसूळ होतो आणि थंड होताना नवा तडा जातो, बहुधा जुन्याच्या शेजारीच. इथे उपयोगी पडते थंड टाकेजोड, म्हणजे न तापवता तडा शिवणं: तड्याला आडवी भोकांची ओळ पाडून त्यात निकेल मिश्रधातूच्या चाव्या ठोकायच्या, मग तड्याच्या रेषेवर एकमेकांत अडकणारे आट्यांचे स्टड बसवायचे.

दुसरा लाडका उपाय म्हणजे खांबाभोवती काँक्रीट. २५० मिमीच्या खांबाला १०० मिमीचं काँक्रीट चढवलं तर मीटरला सुमारे पावणेतीनशे किलो वाढतात. चार मीटरच्या मजल्यात एका खांबामागे टनभर, आणि तो भार शेवटी खालच्या जुन्याच खांबांवर आणि पायावर. आत ओल कोंडते, गंज दिसेनासा होतो. गंज फुगतो, मग काँक्रीटही फुटतं.

आता ‘पाडण्यावाचून इलाज नाही’. २००५ मध्ये बाल्कनीचा भाग कोसळून एकाचा जीव गेला. २०१९ मध्ये आयआयटी मुंबईच्या अहवालाने पाडण्याची शिफारस केली आणि इमारत रिकामी झाली. धोका खोटा नाही. पण वारसा क्षेत्रातल्या जाणकारांनी पाडण्याला विरोध केला. इमारत वारसा यादीत २-अ श्रेणीत आहे. मूळ खोल्यांचे खुराड्यांसारखे गाळे झाले, पार्टिशनच्या भिंती आल्या, नळ गळत राहिले. हे बोजे आणि पाणी सांगाड्याच्या मूळ हिशेबात नव्हते. गंजाचा थर खरवडून, खाली शिल्लक असलेली जाडी मोजल्याशिवाय ‘लोखंड संपलं’ म्हणता येत नाही, कारण गंज मूळ धातूच्या कितीतरी पट जागा व्यापतो आणि नुसत्या नजरेला नुकसान फुगवून दाखवतो. त्यामुळे काम या क्रमाने: आधी टेकू आणि पावसाचं पाणी बंद, मग पार्टिशनचा बोजा कमी, मग खांबनिहाय मोजणी. या मोजणीत बाल्कन्यांचे ब्रॅकेट सगळ्यात आधी तपासावेत. भिंतीतून बाहेर आलेल्या ब्रॅकेटची वरची कड ताणात असते आणि बीड तिथेच दगा देतं. ब्रेकर मशीन इमारतीत कुठेही चालवू नये.