किल्लीचं चार्जिंग संपलं

गेल्या रविवारी पुण्यातल्या एका मंगल कार्यालयाच्या तळघरात मी माझ्याच गाडीसमोर पस्तीस मिनिटं उभा होतो. गाडी फोननं उघडते. फोन मेला होता.

फोन मेला न्यू जर्सीमुळे. बायकोच्या आतेभावाला तिथून लग्न बघायचं होतं. मुहूर्त 12 वाजून 37 मिनिटांचा, म्हणजे तिकडे पहाटेचे 3 वाजून 7 मिनिटं. हा पठ्ठ्या दुसऱ्या मंगलाष्टकालाच फोन उताणा टाकून झोपला आणि मी पुढचा पाऊण तास त्याच्या छताच्या पंख्याला लग्न दाखवत होतो. अक्षता, सप्तपदी, सगळं. पंख्यानं शेवटपर्यंत पाहिलं.

तर तळघर. माझ्या गाडीमागे अडकलेल्या गाडीशेजारी एक काका उभे होते. वय ऐंशीच्या आसपास, पांढरा सदरा, हातात अहेराची पिशवी.

"ही तुमची का?"

"हो काका, एकच मिनिट. चावी जरा..."

"किल्ली."

"काय?"

"चावी घड्याळाला देतात. कुलपाला किल्ली असते. बरं, कुठाय किल्ली?"

मी फोन दाखवला.

"कोणाला लावताय?"

"लावत नाहीये. हीच किल्ली."

काकांनी पिशवी खाली ठेवली. आत नारळ असावा, टक्क आवाज झाला. "मग उघडा."

"चार्जिंग संपलंय."

"किल्लीचं?"

"हो."

"किल्लीचं चार्जिंग संपलंय." या वेळी ते विचारत नव्हते, रजिस्टरमध्ये नोंद करत होते. मग रॅम्पकडे तोंड करून ओरडले, "अहो जावईबापू, वरच थांबा! यांच्या किल्लीचं चार्जिंग संपलंय!" तळघर असल्यामुळे ते दोनदा ऐकू आलं. वरून कुणीतरी हसलं. जावईच असावेत.

"गाडी पेट्रोलची?"

"नाही, विजेवरची."

"म्हणजे गाडीलाही चार्जिंग आणि किल्लीलाही!" असं म्हणून ते इतके खूश झाले की घरी जायची घाईच विसरले. मला मात्र तेव्हाच जाणवलं की माझ्यासमोर 45 युनिटांची बॅटरी उभी आहे, जिच्यावर आमचा फ्लॅट चार-पाच दिवस आरामात चालेल. फोन पूर्ण भरायला एका युनिटचा पन्नासावा हिस्सा पुरतो. पण तो मिळवायला दार उघडायला हवं, आणि दार उघडायला फोन.

"डुप्लिकेट असेल ना?" काकांनी विचारलं.

या प्रश्नाची मला भीतीच होती. डुप्लिकेट आहे. एटीएम कार्डाएवढं कार्ड आहे, ते दाराशेजारच्या खांबाला टेकवलं की गाडी उघडते. त्याला बॅटरीही लागत नाही, खांबातला रीडरच त्याला तेवढ्यापुरती वीज देतो. शोरूममधल्या मुलानं बजावलं होतं, "सर, हे कायम पाकिटात ठेवा." पण पाकीट बाळगणं मी कधीच सोडलं. भाजीवालीपासून रिक्षापर्यंत सगळीकडे स्कॅन करतो, मग एका कार्डासाठी कुठे पाकीट वागवायचं? म्हणून ते सुरक्षित जागी ठेवलं होतं.

"कुठे?"

"गाडीच्या कप्प्यात."

काका काही क्षण बोललेच नाहीत. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मी 34 वर्षं बँकेत होतो. त्यातली 11 हेड कॅशियर. तिजोरीला किल्ल्या दोन. एक माझ्याकडे, एक मॅनेजरकडे. दोघं असल्याशिवाय उघडायची नाही. आणि डुप्लिकेट सेट कुठे असायचा, सांगा."

"दुसऱ्या शाखेत?"

"दुसऱ्या शाखेत! सीलबंद पाकिटात! त्याच तिजोरीत ठेवणारा माणूस मी आज पहिल्यांदा बघतोय." त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण काढून जानवं बाहेर ओढलं. त्याला एक छोटी पितळी किल्ली बांधलेली होती. घरच्या कपाटाची. "आंघोळीलासुद्धा काढत नाही. कधी चार्ज करावी लागलेली नाही."

बायको हे सगळं ऐकत होती. तिच्या फोनमध्ये चौसष्ट टक्के होते. तिच्या फोननंही गाडी उघडली असती, पण त्यासाठी मी तिला किल्ली शेअर करायला हवी होती, आणि ते सात महिने राहूनच गेलं होतं. "घराचं कर्ज दोघांच्या नावावर," ती काकांना म्हणाली, "किल्ली मात्र यांच्या एकट्याच्या." काकांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू कॅशमध्ये तूट सापडलीय.

एवढ्यात वॉचमन आला. त्याचा मुद्दा वेगळाच होता. दार ओढून पाहणाऱ्या माणसाची ही गाडी आहे कशावरून? आरसी दाखवा. आरसी डिजिलॉकरमध्ये. लायसन्स? तिथेच. 2018 पासून ही कागदपत्रं फोनवर दाखवली तरी चालतात. फोन चालू असला तर. एरवी मी कोण आहे हे सांगणारा एकही कागद माझ्या अंगावर नव्हता. नाही म्हणायला हातात कार्यालयानं दिलेली बुंदीच्या लाडवांची पुडी होती.

याचा मात्र मला खरंच राग आहे. किल्ली, पैसे, लायसन्स, विमा सगळं एकाच वस्तूत भरा म्हणून आपल्या मागे लागायचं, आणि ती वस्तू संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकत नाही. माझा मावसभाऊ सांगतो, आयफोनच्या वॉलेटमधली किल्ली फोन बंद पडल्यावरही 5 तासांपर्यंत चालू शकते. चांगलं आहे. माझा फोन आयफोन नाही आणि मावसभाऊ तळघरात नव्हता.

वॉचमनचा चार्जर जुन्या बारीक पिनचा निघाला. शेवटी वर जाऊन बँडवाल्यांच्या एक्स्टेंशन बोर्डात, क्लॅरिनेट आणि ढोलकीच्या मधे बसून फोन 6 टक्के केला. चालू झाल्यावर ॲपला वाटलं मी कुणी परकाच आहे. त्यानं ओटीपी मागितला. नशीब, बँडवाल्यांकडे नेटवर्क होतं. तळघरात आलो असतो तर जावयांना पुढच्या मुहूर्तापर्यंत थांबावं लागलं असतं.

गाडी उघडली तेव्हा काकांनी टाळ्या वाजवल्या. खऱ्या. मग काचेवर टकटक करून म्हणाले, "हॉर्न तरी हातानंच वाजतो ना?"

घरी आल्यावर बायकोला किल्ली शेअर केली. रिमोटच्या पोटात एक पोलादी किल्ली लपवलेली असते, तीही शोधून काढली, कारण गाडीची स्वतःची 12 व्होल्टची बॅटरी उतरली तर फोनही उपयोगाचा नाही आणि कार्डही नाही. हँडलवरचं एक झाकण उचकटलं की तिचं भोक दिसतं. म्हणजे किल्ल्या नकोत म्हणून ही गाडी घेतली, आणि आता फोन, कार्ड, रिमोट, पोलादी किल्ली आणि पॉवर बँक एवढा संसार घेऊन मी घराबाहेर पडतो. जुन्या गाडीला एक किल्ली होती. छल्ल्यात गणपती होता.

मी जानवं घालत नाही. म्हणून कार्ड ऑफिसच्या ओळखपत्राच्या पट्ट्यात, त्याच प्लास्टिकच्या पाकिटात सरकवलं. काल सकाळी हिंजवडीत गेटवर ते टेकवलं तर लाल दिवा. पुन्हा टेकवलं, पुन्हा लाल. मागे रांग लागली. सिक्युरिटीचा माणूस जवळ आला, खांद्यावर हात ठेवला आणि अगदी हळू विचारलं, "सर, तुम्हालाही मेल आला का?"